मूठभर धान्य आणि एक चूल

मलकपेठेच्या महबूब मॅन्शन बाजारात महाराष्ट्राचा कांदा वर्षानुवर्षे उतरत आला आहे. या बाजाराशेजारी वाढलेल्या विद्यार्थ्यांना मालाचा भाव शिकवावा लागत नाही. वसतिगृहाची चूल मात्र कशाच्या बळावर पेटती राहते, हे इतिहासाला विचारावे लागते. त्यासाठी सातारा जिल्ह्यातील एक उदाहरण येथे घेतो.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली ती साताऱ्यास आली. वसतिगृहातील मुले शेतकऱ्यांची, मजुरांची, अस्पृश्य मानलेल्या जातींची. संस्थेच्या गाठीशी पैसा नव्हता. जे काही होते ते गावोगावच्या घरांत होते. घरच्या स्त्रीने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढावी आणि साठलेले धान्य संस्थेने गोळा करावे, ही ‘मुष्टिफंडा’ची रीत. ज्या घरात रोख रुपया क्वचित दिसे, तेथेही सुगीनंतर कणगीत काही असे. मुले स्वतः पाणी भरीत, स्वयंपाक करीत, शेतात राबत.

या काटकसरीकडे केवळ नाइलाज म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून वसतिगृहे निघाली. ती बहुतांशी एकेका समाजासाठी होती, आणि त्या काळी तेही मोठेच पाऊल होते. भाऊराव विद्यार्थिदशेत तेथील जैन वसतिगृहात होते. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेल्यामुळे त्यांना ते सोडावे लागले. पुढे साताऱ्यात त्यांनी सर्वांसाठी एकच चूल मांडली. चार चुलींना जळणही चौपट लागते, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला ठाऊक असतो. येथे तो जातिभेदाच्या विरोधात उभा राहिला. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

अर्थात मुठीने पोट भरते, शिक्षकाचा पगार निघत नाही. संस्था वाढली तसे सरकारी अनुदान आवश्यक झाले, आणि १९४८ साली मुंबई सरकारने ते काही काळ थांबविले तेव्हा संस्था अडचणीत आली. आरंभीच्या दिवसांत तर तोही आधार नव्हता. धान्य संपले की वाण्याची उधारी उरे. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने एकेक करून काढून दिले, शेवटी मंगळसूत्रही.