धोका आणि धन

लढायांचा आणि तहांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. खेळांचा इतिहास मात्र कोणी शिकवीत नाही. पण काय पदरात पडणार असेल तर माणूस किती धोका पत्करतो, हे पाहायला खेळाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. म्हणून आज एका अमेरिकन खेळाची हकीगत सांगणार आहे. त्याचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. डन्जन म्हणजे किल्ल्याखालचे अंधारे भुयार आणि ड्रॅगन म्हणजे आग ओकणारा पंखवाला अजगर.

आपली सापशिडी घ्या. तिच्यात धोका आहे, लाभही आहे. पण खेळणाऱ्याच्या हाती काही नाही. फासा नेईल तिथे सोंगटी जायची. या अमेरिकन खेळातही फासे आहेत, पण आधी निवड आणि मग फासा, असा क्रम आहे. चारसहा माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार. त्याने भुयाराचा नकाशा काढून लपवून ठेवलेला असतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. सूत्रधार सांगतो, “समोर दार आहे, आतून गुरगुर ऐकू येते.” आता काय करता? दार उघडता, की मागे फिरता? उत्तर द्यायचे ते खेळणाऱ्यांनी.

या खेळाचे मूळ रणांगणाच्या अभ्यासात आहे. 1824 साली प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धाचा खेळ सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला. त्यात दोन्ही बाजूंच्या वर एक पंच असे, आणि शत्रूच्या हालचाली दिसतील तेवढ्याच तो सांगे. पुढे असे खेळ हौशी लोकांत पसरले. 1970 नंतरच्या एकदोन वर्षांत मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन या तरुणाने सैन्याच्या जागी एकेकटे वीर आणले आणि त्यांना ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक किल्ल्याखालच्या भुयारात उतरवले. 1972 च्या अखेरीस त्याने हा खेळ विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा गावी गॅरी गायगॅक्सला दाखवला. गायगॅक्स पूर्वी विमा कंपनीत होता. ती नोकरी सुटल्यावर घरी जोडे दुरुस्त करून प्रपंच चालवीत असे. त्याने नियम लिहून काढले आणि 1974 साली तीन पुस्तिकांची एक पेटी निघाली. प्रती 1,000, किंमत 10 डॉलर. त्या वर्षभरात खपल्या. चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे लागत. ते सुरुवातीला शालेय साहित्य विकणाऱ्या एका कंपनीकडून मागवावे लागले!

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पात्राची बढती अनुभवगुणांवर होई. योद्ध्याला दुसऱ्या पायरीवर जायला सुमारे 2,000 गुण लागत. हे गुण मिळायचे कसे? राक्षस मारून थोडे, आणि बहुतेक धन बाहेर आणून. सोन्याचे एक नाणे म्हणजे एक गुण. अगदी सुरुवातीला राक्षस मारण्यालाही भरपूर गुण होते, पण 1975 च्या पुरवणीत ते एकदम खाली आणले गेले. त्यामुळे झाले काय, की मारामारी हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला. राक्षसाला हुलकावणी देऊन, कधी त्याच्याशी बोलणी करून, खजिना घेऊन निघणारा शहाणा ठरू लागला. शौर्य लागेच, पण अक्कल जास्त लागे.

पण धन फुकट नव्हते. 1978 च्या नियमपुस्तकात दहा नाण्यांचे वजन एक पौंड धरले आहे. हिशेब करून पाहा: 2,000 नाणी म्हणजे 200 पौंड, सुमारे 90 किलो, जुन्या मापाने अडीच मणाला थोडे कमी. एवढे ओझे घेणारा हळू चालणार. हळू चालला की वेळ जाणार, वेळ गेला की मशाल संपणार. शिवाय ठराविक वेळाने सूत्रधार फासा टाकी, आणि दान लागले की भटका राक्षस समोर उभा! त्याच्याजवळ बहुधा कवडीही नसे. म्हणजे रेंगाळण्याचा दंड जिवाने भरायचा आणि मोबदला काही नाही. त्यात खजिना बाहेर सुखरूप आणल्याखेरीज गुण नाहीत.

भुयाराचे मजलेही होते. जितके खाली जावे तितके राक्षस भयंकर आणि धन अधिक. मग बलवान माणसाने वरच्याच मजल्यावर सुखाने लुटत का बसू नये? त्यालाही उपाय होता. आठव्या पायरीवरच्या मांत्रिकाने पाचव्या मजल्यावर कमाई केली, तर त्याला पाच-अष्टमांश गुण. शिक्षकांच्या लगेच ध्यानात येईल: सातवीच्या मुलाने दुसरीचे गणित सोडवले तर पैकीच्या पैकी गुण द्यायचे नाहीत, असाच हा न्याय झाला.

तोल मात्र सगळीकडे टिकला नाही. काही सूत्रधार उदार निघाले. दार उघडले की जादूची तलवार, पेटी उघडली की हिऱ्यांची रास. अशा खेळाला लोकांनी थट्टेने मॉन्टी हॉलचे नाव दिले. हा गृहस्थ 1963 पासून अमेरिकन टेलिव्हिजनवर बक्षिसे वाटण्याच्या कार्यक्रमामुळे घरोघरी ठाऊक झालेला. खैरातीचा खेळ थोड्याच दिवसांत कंटाळवाणा होई, कारण मिळवायचे काही उरतच नसे. दुसरे टोक म्हणजे ‘टूम ऑफ हॉरर्स’, भयाची समाधी. मुरलेल्या खेळाडूंची परीक्षा पाहायला गायगॅक्सनेच रचलेले हे भुयार 1975 च्या एका संमेलनात खेळले गेले आणि 1978 साली छापून निघाले. पावलोपावली मृत्यू. 1979 च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात गायगॅक्सने दोन्ही टोकांबद्दल सावध केले आहे: हात आखडला तर खेळणारे हिरमुसतात, हात सैल सोडला तर खेळच मरतो.

पुढे नियम बदलत गेले. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत धनाबद्दलचे गुण ऐच्छिक झाले. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसाला आव्हानाचा आकडा मिळाला. चौघांच्या टोळीला तिच्या पायरीचा राक्षस भेटला तर तिची सुमारे पंचमांश शक्ती खर्च व्हावी, असे गणित बसवले. कोणत्या पायरीला किती धन जवळ असावे याचाही तक्ता आला. हिशेब चोख झाला, नवख्या सूत्रधाराची सोय झाली. पण अशा खेळात गुण मुख्यतः राक्षस हरवण्याचे, म्हणून खेळणारे दिसेल त्याच्याशी लढू लागले. समोर आलेला धोका आपल्या मापाचाच असणार, असेही त्यांना वाटू लागले. मागे फिरण्याचा शहाणपणा हळूहळू विसरला गेला. म्हणूनच 2006 च्या सुमारास काही जाणकारांनी जुने नियम नव्या शब्दांत पुन्हा छापले, आणि नाण्याला एक गुण हा हिशेब परत अनेक टेबलांवर आला.

या साऱ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. धोका आणि धन यांचा तोल तागडीत घालून साधत नाही. जुन्या खेळात तो साधला, कारण किती खोल जायचे, किती ओझे घ्यायचे आणि कधी परतायचे, हे खेळणारा स्वतः ठरवी. आणि त्या निवडीची किंमत त्याला आधी ठाऊक असे. नियम ज्याला गुण देतो तेच माणसे करू लागतात. लढाईला गुण दिले की माणसे लढतात, परत येण्याला गुण दिले की विचार करतात.

शिक्षक बंधुभगिनींनी परीक्षेची प्रश्नपत्रिका काढताना हे जरूर आठवावे. पाठांतराला गुण ठेवले तर मुले पाठ करतील. काही अवघड प्रश्न ठेवून, त्यांना अधिक गुण देऊन, कोणता सोडवायचा ते मुलांवर सोपवले, तर एखादा मुलगा आपणहून खालच्या मजल्यावर उतरेल. पहिल्या खेपेला तो रिकाम्या हाताने परतला तरी त्याला रागावू नका. वाट पाहून आला आहे. पुढच्या खेपेला मशाल जास्त घेऊन जाईल.