मैत्रिणीच्या हातचा साज : हाराजुकूतील लोलिता फॅशनचा एक धागा

लोलिता फॅशन हा जपानी तरुणींनी रस्त्यावर घडवलेला पेहराव आहे. गुडघ्यापर्यंत येणारा फुगीर घेर, तो फुगवणारा झालरींचा पेटीकोट, गळाबंद ब्लाउज, लांब मोजे, पट्ट्याचे गोल बूट आणि डोक्यावर बॉनेट किंवा मोठा बो, एवढे सगळे अंगावर आले की तो पुरा होतो. व्हिक्टोरियन काळातल्या मुलांचे कपडे आणि फ्रान्समधली रोकोको नजाकत यांची त्यात सरमिसळ आहे. नाबोकोव्ह यांच्या ‘लोलिता’ या १९५५ च्या कादंबरीशी त्याचे नाते नावापुरतेच. हा पेहराव करणाऱ्या मुली पुरुषांच्या नजरेसाठी नटत नाहीत, असे त्या स्वतःच ठासून सांगतात, आणि मानेपासून पायापर्यंत झाकणारे ते कपडे पाहिले की ते पटते. एकेका कपड्यापेक्षा सगळ्याची जुळणी येथे महत्त्वाची मानतात. या जुळणीला ‘कोऑर्डिनेट’ म्हणतात. ती स्वतः न करता एखाद्या मैत्रिणीवर सोपवायची, आणि ती सजवील तसे दिवसभर मिरवायचे, ही या मंडळींतली ओळखीची रीत आहे.

या रीतीची मुळे ब्रँडांच्या आधीची आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस जपानमध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा वाढल्या आणि शाळकरी मैत्रिणींचे एक वेगळेच जग उभे राहिले. योशिया नोबुको यांच्या ‘हाना मोनोगातारी’ या १९१६ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या कथांनी त्या हळव्या मैत्रीला साहित्यात जागा दिली. युद्धानंतर चित्रकार नाकाहारा जुनइची यांनी १९४६ मध्ये ‘सोरेइयु’ आणि १९४७ मध्ये ‘हिमावारी’ ही मासिके काढली. कापडाच्या टंचाईच्या त्या दिवसांत, हाताशी असेल त्यातून नीटनेटके व सुंदर कसे राहावे, हे ती मासिके चित्रांसकट शिकवीत. मोठ्या डोळ्यांच्या, रिबिनी बांधलेल्या, त्यांनी रेखाटलेल्या मुली पुढच्या कित्येक पिढ्यांच्या मनात राहिल्या.

दुकाने १९७० पासून आली. त्या वर्षी ओकावा हितोमी यांनी हाराजुकूत ‘मिल्क’ सुरू केले. त्याच दशकात कानेको इसाओ यांच्या ‘पिंक हाउस’ने फुलाफुलांचे, झालरींनी लगडलेले कपडे लोकप्रिय केले. १९७८ मध्ये ‘लाफोरे हाराजुकू’ ही बहुमजली दुकानांची इमारत उघडली. तिच्यातील लहान गाळ्यांतून नव्या कल्पनांना आसरा मिळाला. १९७९ चे ‘प्रिटी’ हे दुकान पुढे ‘अँजेलिक प्रिटी’ झाले. ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ची स्थापना इसोबे दांपत्याने १९८८ मध्ये केली, तर ओसाकात १९९३ मध्ये ‘मेटामॉर्फोज’ आले. या दुकानांतील विक्रेत्या मुली नखशिखांत दुकानाच्याच कपड्यांत उभ्या असत. कोणत्या घागऱ्यावर कोणता ब्लाउज, मोजे कोणते, बो कुठे, हे त्या गिऱ्हाइकाला जुळवून देत. दुसरीच्या हातून सजण्याची सवय पहिल्यांदा लागली ती बहुधा या काउंटरपाशी.

कपडे दुकानातले असले तरी ते दाखवायची जागा रस्ता होती. १९७७ पासून योयोगी पार्कलगतचा रस्ता रविवारी गाड्यांना बंद होऊ लागला. ‘ताकेनोको झोकू’ म्हणून ओळखले जाणारे तरुण तेथे भडक रंगांचे ढगळ कपडे घालून गटागटाने नाचत. एकट्याने नटून येणे त्या गर्दीत विरळाच. मैत्रिणी, टोळी, बरोबरीचे लोक हवेतच. १९९८ मध्ये तो रस्ता पुन्हा वाहनांना खुला झाला, तरी हाराजुकू स्टेशनशेजारच्या जिंगू पुलावर रविवारचा मेळा पुढे बरीच वर्षे भरत राहिला. आओकी शोइची यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्रूट्स’ मासिकात या पोशाखांची छायाचित्रे येऊ लागली आणि टोकियोबाहेरच्या मुलींनाही ती जुळणी न्याहाळता आली.

त्याच सुमारास ‘मालिस मिझेर’ या बँडच्या माना यांनी काळ्या, गंभीर छटेची शाखा पुढे आणली. पुरुष असूनही मंचावर ते बायकी पोशाखात वावरत. १९९९ मध्ये त्यांनी ‘म्वा-मेम-म्वातिये’ हा ब्रँड काढला. त्यांच्या चाहत्या काळे कपडे, क्रूस आणि निळ्या रंगाचे ठसे घेऊन पुलावर येऊ लागल्या. एकीकडे गुलाबी गोडवा, दुसरीकडे हा गॉथिक काळोख, आणि मधे फुलांच्या छापाची शांत ‘क्लासिक’ शैली, असे प्रांत पडत गेले. २००१ मध्ये ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ निघू लागले. त्यात छायाचित्रांबरोबर शिवणाचे नमुनेही छापत, म्हणजे ज्यांना ब्रँड परवडत नसे त्यांनी घरी शिवावे. या प्रकाशनाने नियम पक्के केले, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

हे नियम बाहेरच्याला जाचक वाटतात. घेर पुरेसा फुगलेला हवा, डोके मोकळे नको, पेटीकोट दिसता कामा नये, रंग तीनचारांपलीकडे जाऊ नयेत. पण मैत्रिणीला सजवण्याची रीत शक्य झाली ती या काटेकोरपणामुळेच. जेथे काहीही चालते तेथे दुसऱ्याची आवड ओळखायला फार अंदाज बांधावे लागतात. येथे जागा ठरलेल्या असतात: डोके, गळा, मनगट, कंबर, पाय. सजवणारीने फक्त त्या भरायच्या, आणि तिची हुशारी कुठे आहे हे पाहणाऱ्या मैत्रिणींना लगेच कळते. गुलाबीखेरीज काही न घालणारीला मैत्रिणीने गर्द तपकिरी क्लासिक पोशाख चढवला, तर तो नियमात बसतोच, शिवाय घालणारीला आपल्याच कपाटातले विसरलेला ब्लाउज सापडतो.

कपड्यांची घडणही या देवघेवीला सोयीची आहे. पुष्कळ ड्रेसांच्या पाठीवर इलॅस्टिकच्या चुण्या असतात, त्यामुळे एकच ड्रेस थोड्याफार वेगळ्या बांध्याच्या दोघींना बसतो. काही ड्रेसांना पाठीमागे नाडीची गुंफण आणि कमरेला बांधायचे पट्टे असतात. ती गाठ एकटीने आरशाकडे पाठ करून नीट मारता येत नाही. मदतीला हात लागतात, आणि एकदा मैत्रीण मागे उभी राहिली की कॉलर सरळ करणे, बो हलवणे, विगची बट सोडवणे हेही ओघाने येते. जपानला ही गोष्ट परकी नव्हती. सणासमारंभाच्या किमोनोची ओबी जाणत्या हातांकडून बांधून घेण्याची पद्धत तेथे जुनी आहे. सज्ञान झाल्याच्या समारंभाला आजही मुली त्यासाठी पहाटे पार्लर गाठतात.

पैशाचाही भाग होताच. ब्रँडचा एक ड्रेस सहज वीस-तीस हजार येनांना पडे. त्यावर ब्लाउज, मोजे आणि बूट वेगळे. शाळकरी किंवा अर्धवेळ काम करणाऱ्या मुलीला पुरा जोड एकदम घेणे अवघड असे. ‘क्लोजेट चाइल्ड’सारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानांनी थोडा भार हलका केला, मैत्रिणींच्या कपाटांनी त्याहून अधिक. उसन्या ड्रेसचे शिष्टाचारही आहेत: गडद रंगाचे मोजे फिक्या कापडाशी घासू नयेत, खाताना मांडीवर रुमाल असावा, लेस ओढली जाऊ नये. आवडत्या छपाईचा ड्रेस एकदा संपला की पुन्हा मिळेलच असे नसते, तेव्हा ही काळजी अवास्तव म्हणता येणार नाही.

या मैत्रीची सर्वांत गाजलेली कथा ताकेमोतो नोवाला यांची २००२ ची कादंबरी ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’. नाकाशिमा तेत्सुया यांनी २००४ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. इबाराकीतल्या शेतांच्या गावात राहणारी मोमोको ‘बेबी’च्या कपड्यांसाठी आगगाडीने टोकियोतले दाइकान्यामा गाठते. इचिगो ही मोटारसायकलवाल्या टोळीतली उर्मट मुलगी. मोमोको तिच्या टोळीच्या कोटावर भरतकाम करून देते, आणि शेवटी इचिगोच ‘बेबी’ची मॉडेल होते. दोघींच्या आवडी एकमेकींत मिसळत नाहीत, तरी एकीचा कपडा दुसरीच्या हातून सजतो. लोलिता फॅशन जपानच्या घराघरांत माहीत झाली ती मुख्यतः या चित्रपटाने.

पुढच्या दशकात जुळ्यांचा साज फार चालला. एकाच छपाईचा ड्रेस दोन रंगांत घ्यायचा, एकीने गुलाबी, दुसरीने निळा. विग, बो, पिशवी आरशातल्यासारखी. ब्रँडही एकच छपाई चारपाच रंगांत काढत, त्यामुळे दुकानालाही ते फायद्याचे होते. येथे मात्र मैत्रिणीला सजवण्यातली गंमत थोडी कमी होते, कारण निर्णय छपाईने आधीच केलेला असतो.

२००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने आओकी मिसाको यांना ‘कावाई’ दूत नेमले. त्या पेशाने परिचारिका आणि लोलिता पोशाखाच्या मॉडेल. ‘बेबी’ने तोवर पॅरिसमध्ये दुकान उघडले होते. युरोप-अमेरिकेत दुकाने मोजकी आणि गावे लांब, म्हणून मुली चहापानाच्या मेळाव्यांत जमू लागल्या, आणि सल्ला देणाऱ्या विक्रेतीची जागा तेथे मैत्रिणीने घेतली. जून आणि डिसेंबरचा पहिला शनिवार आता ठिकठिकाणी लोलिता दिन म्हणून पाळतात.

२०१७ मध्ये ‘फ्रूट्स’ थांबले, ‘केरा’ या फॅशन मासिकाची छापील आवृत्ती बंद झाली आणि ‘बायबल’ही निघेनासे झाले. चिनी उत्पादकांनी तोवर कपडे स्वस्त केले होते, त्यामुळे उसने घेण्याची निकड ओसरली. मैत्रिणीने सजवण्याचा प्रकार मात्र टिकला आहे. मेळाव्याआधी एकमेकींची कपाटे उघडून बसणाऱ्या मुलींना आता ड्रेस मागावा लागत नाही, फक्त मत मागायचे असते.