दीड-टनी मालमोटार आणि उबेची वाटणी

१

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींचे निर्णय, सैन्याच्या हालचाली आणि शस्त्रास्त्रांची गणना ह्यांच्या आधारे लिहिला जातो. मालमोटार हाकणाऱ्या माणसाला थंडी किती वाजत होती आणि तिच्या निवारणासाठी कोणी काय केले, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित क्षेत्रापुरता घेतला आहे. लेनिनग्राडच्या वेढ्यात, १९४१-४२ च्या हिवाळ्यात, गोठलेल्या लादोगा सरोवरावरून ज्या सोव्हिएट मालमोटारी धावल्या, त्यांच्या केबिनमध्ये ऊब राखण्याची सोय कोणती होती? ‘जवळजवळ कोणतीच नव्हती’ असे ह्याचे थोडक्यात उत्तर आहे. परंतु ती का नव्हती, ह्याविषयी दोन निरनिराळ्या कारणांची सर्रास गल्लत केली जाते. ती कारणे वेगळी करून दाखविणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या मोटारीचे लोकप्रचलित नाव ‘पोलुतोर्का’. भाषेच्या अभ्यासकाला ह्या नावापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. रशियन भाषेत ‘पोलुतोरा’ म्हणजे दीड. त्याची फोड ‘दुसऱ्याचा अर्धा’ अशी होते. पहिला पूर्ण आणि दुसरा अर्धा, ही मोजण्याची रीत आपल्याला परकी नाही. संस्कृतातील ‘अर्धतृतीय’, म्हणजे ‘तिसरा अर्धा’, हा शब्द प्राकृतातील ‘अड्ढाइज्ज’ ह्या रूपातून मराठीत ‘अडीच’ झाला. आपला ‘दीड’ही ‘द्व्यर्ध’ ह्या तशाच घडणीच्या शब्दापासून आला. दीड टन भार वाहणारी म्हणून ती ‘पोलुतोर्का’. मराठी चालकाने तिला ‘दीडटनी’ म्हटले असते.

२

१९२९ मध्ये अमेरिकेतील फोर्ड कंपनीशी झालेल्या करारानुसार निझ्नी नोव्हगोरोड येथे मोटारींचा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९३२ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी त्या शहराला गोर्की हे नाव मिळाले. ते १९९० पर्यंत चालले. ‘गाझ-एए’ ही दीड-टनी मोटार फोर्डच्या ‘एए’ नमुन्यावर बेतलेली होती. आरंभीच्या मोटारींची केबिन लाकूड व दाबलेला पुठ्ठा ह्यांची होती. १९३४ पासून ती पोलादी पत्र्याची झाली, तरी छतावर कृत्रिम चामडेच ताणून बसविलेले असे. केबिन तापविणारे यंत्र तीत नव्हते.

पोलादी केबिन अधिक उबदार असणार असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते बरोबर नाही. पोलाद लाकडापेक्षा शेकडो पटींनी अधिक उष्णता वाहून नेते. पत्र्याचा एकेरी थर वारा अडवतो. उष्णतेला मात्र तो फारसा विरोध करीत नाही. शिवाय चालकाच्या श्वासातील बाष्प थंड पत्र्यावर व काचेवर गोठते. अशा केबिनमध्ये थंडीचा मोठा वाटा भिंतींतून नव्हे, तर फटींतून येतो: पायपट्ट्यांच्या खाचांतून, फळ्यांच्या तळातून, दारांच्या कडांतून. ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीत ह्या फटी म्हणजे वाऱ्याचे झोतच होत.

ह्या मोटारीतील आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तिची सुमारे चाळीस लिटरांची पेट्रोलची टाकी इंजिनाच्या मागे, समोरच्या काचेखाली, म्हणजे चालकाच्या गुडघ्यांसमोर होती. पेट्रोल स्वतःच्या भाराने खाली उतरत असल्यामुळे पंपाची गरज नव्हती. यंत्ररचनेच्या दृष्टीने ही सोय उत्तम. परंतु अशा केबिनमध्ये शेगडी वा दिवा पेटवून ऊब आणणे म्हणजे आगीला आमंत्रण होते.

३

जून १९४१ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर पोलादी पत्रा दुर्मिळ झाला. १९४२ पासून निघालेल्या ‘गाझ-एमएम-व्ही’ ह्या युद्धकालीन नमुन्यात दारेच नव्हती. दोन्ही बाजूंना त्रिकोणी आडफळ्या आणि गुंडाळून ठेवता येणारे जाड कापडाचे पडदे एवढाच आडोसा होता. पुढच्या चाकांचे ब्रेक काढून टाकण्यात आले, पुढचा दिवा एकच राहिला, आणि चाकांवरील आच्छादने साध्या पत्र्याला बाक देऊन करण्यात आली. तीन-टनी ‘झिस-५’ मोटारीची केबिनही ह्याच काळात लाकडी झाली. पोलादाची टंचाई सैल होताच, १९४४ मध्ये, दीड-टनीला पुन्हा दारे मिळाली, तीही लाकडी. ही काटकसर कारखान्याची होती आणि तिचे कारण धातूची टंचाई हे होते.

लादोगावरील उघड्या दारांची कथा ह्याहून वेगळी आहे. ८ सप्टेंबर १९४१ रोजी लेनिनग्राडचा भूमार्ग तुटला. २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत तेथील कर्मचारी, आश्रित व मुले ह्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. २२ नोव्हेंबर रोजी मोटारींचा पहिला तांडा बर्फावरून निघाला. बर्फ अजून पातळ होता. म्हणून मोटारीत थोडीच पोती भरावयाची व भार विभागला जावा म्हणून मागे घसरगाड्या बांधावयाच्या, अशी रीत पडली. बर्फावरील अंतर सुमारे तीस किलोमीटर होते. बाँबहल्ल्यांनी पडलेली विवरे रात्रीतून पातळ बर्फाने व हिमाने झाकली जात आणि ती दिसत नसत. मोटार बर्फ फोडून पाण्यात गेली, तर चालकाला बाहेर पडावयास क्षणांचाच अवधी होता. पाण्याच्या दाबाखाली दार उघडत नाही. म्हणून चालक दारे उघडी ठेवीत किंवा काढूनच टाकीत, आणि प्रसंगी पायरीवर उभे राहून मोटार हाकीत.

त्या पहिल्या हिवाळ्यात धावलेल्या मोटारी मुख्यतः युद्धापूर्वीच्या, पोलादी दारे असलेल्या होत्या, हे येथे महत्त्वाचे आहे. कारखान्याने पुढे दारे गाळली ती पोलाद वाचविण्यासाठी. लादोगाच्या चालकांनी असलेली दारे उघडली ती प्राण वाचविण्यासाठी. दृश्य एकच, म्हणून कारणही एकच असावे, असे मानले जाते. तसे मानल्याने चालकांचा निर्णय नाहीसा होतो आणि ते केवळ टंचाईचे बळी उरतात. वस्तुतः थंडीने बोटे गमावण्याचा धोका एका बाजूला आणि बुडण्याचा धोका दुसऱ्या बाजूला अशी तुलना त्यांनी केली होती आणि थंडी पत्करली होती.

४

मग ऊब गेली कोठे? ती केबिनमधून निघून माणसाच्या अंगावर आणि इंजिनावर गेली. चालकाच्या अंगात ‘तेलोग्रेइका’ म्हणजे ‘अंग तापविणारी’ कापसाची बंडी आणि पायांत नमद्याचे बूट असत. बंडीची घडण आपल्या रजईसारखीच: दोन कापडांमध्ये पिंजलेला कापूस, आणि तो एका जागी गोळा होऊ नये म्हणून उभे टाके. ऊब राखतो तो कापूस नव्हे, तर त्यात अडकलेली स्थिर हवा. कापूस भिजला की ती हवा जाते. म्हणून पाण्यात पडून वर आलेल्या चालकाला त्याच बंडीचा उपयोग उरत नसे.

इंजिनावरही तसलेच कापूस भरलेले आच्छादन घालीत. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि इंजिनाचा ओतीव साचा फोडते. म्हणून मुक्कामी पाणी काढून टाकणे, सकाळी तापविलेले पाणी ओतणे, इंजिनाखाली जाळ करून तेल पातळ करणे, ही कामे चालकाच्या नित्यकर्मांत होती. रशियनमध्ये इंजिनावरील झाकणाला ‘कापोत’ म्हणतात. तो मुळात एका सैल वस्त्राचा शब्द. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ ह्या कथेतील कारकुनाच्या जीर्ण कोटाला त्याचे सहकारी हिणवून ‘कापोत’च म्हणतात. आपण इंजिनाच्या झाकणाला ‘बॉनेट’ म्हणतो, तेही मूळचे शिरस्त्राण. यंत्राला वस्त्र नेसविण्याची कल्पना भाषेला ह्या युद्धापूर्वीच सुचली होती. चालकांनी ती कापूस भरून प्रत्यक्षात आणली.

‘ऊब राखण्याजोगे करणे’ ह्या अर्थाचे रशियन क्रियापद ‘उतेप्लित’ असे आहे. त्यातील ‘तेप्ल’ हा अंश आणि आपला ‘तप्’ धातू एकाच मूळाचे. तसेच ‘झिमा’, म्हणजे हिवाळा, आणि आपले ‘हिम’, ज्यावरून ‘हिंव’ व ‘हिवाळा’ आले. थंडीची शब्दसंपत्ती अशी सामाईक आहे. अनुभव मात्र सामाईक नाही.

५

आज ह्या जातीच्या थोड्या मोटारी संग्रहालयांत व हौशी जतनकर्त्यांकडे आहेत. अशी मोटार हिवाळ्यात चालवावयाची असेल, तर प्रथम फटी बुजवाव्या, मग तळाला नमदा घालावा आणि शेवटी छत व भिंती हाताळाव्या, हा क्रम शास्त्राला धरून आहे. परंतु अस्तर पत्र्याला कायमचे चिकटवू नये. त्यामागे दव साचून पत्रा गंजतो, हे एक कारण. दुसरे कारण इतिहासाचे आहे: उघडा पत्रा, फटी आणि दाराच्या रिकाम्या बिजागऱ्या हाच येथे पुरावा आहे. काढता येईल असे अस्तर चालकाला ऊब देते आणि अभ्यासकाचा पुरावाही राखते.

पहिल्या हिवाळ्यात, २४ एप्रिल १९४२ पर्यंत, ह्या मार्गाने ३,६१,००० टनांहून अधिक माल गेला आणि साडेपाच लाखांहून अधिक माणसे शहराबाहेर पडली. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. ज्या केबिनमधून हे सारे घडले, तिचे दार उघडे होते आणि ते चालकाने स्वतः उघडले होते, एवढी नोंद त्यांच्याशेजारी असावी.