घोडी आणि दांडी



पोखर्णीच्या नृसिंहमंदिरांत भजनाची वीणा ऐकत मी वाढलों. पण तिचा झंकार निघतो कोठून, हें फार उशिरां उमगलें. तें सांगावयास मिरजेस जावें लागेल. तेथील फरीदसाहेब शिकलगार घराण्यांतले, म्हणजे शस्त्रांस धार लावणारे. १९ व्या शतकांत तोच सराईत हात तंतुवाद्यांकडे वळला.

तंबोऱ्याची तार घोडीच्या कडेवर नव्हे, तर तिच्या किंचित् उतरत्या पाठीवर टेकते. कंप पावतांना ती त्या पाठीस पुनःपुन्हां निसटता स्पर्श करते. त्यांतून उमटणारा झंकार हीच जवारी. कानस केसभर अधिक फिरली कीं तार बोबडी तरी होते, नाहीं तर मुकी. मग तारेखालीं सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधावयाची.

दांडीनें तारांची ओढ सोसावयाची. सतारीची दांडी वाकली तर तारा पडद्यांपासून उंच राहतात. बोटें दुखतात, आणि दाबतांना सूर चढतो. बारा तारांच्या विद्युत् गिटारीवर ही ओढ फारच मोठी, म्हणून तिच्या दांडींत पोलादी सळई घालतात.

२०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, हें योग्यच झालें. जवारी काढणारा मात्र पूर्वीप्रमाणेंच आधीं तार छेडतो, ऐकतो, आणि मगच कानस उचलतो.