दांत काढल्यानंतरचें हाड

रत्नागिरी जिल्ह्यांतील जुन्या घरांत पानाच्या तबकाजवळ अडकित्त्याबरोबर एक लहानसा खलबत्ता ठेवलेला असे. गुहागर-दापोलीकडची सुपारी कठीण आणि घरांतील वडील मंडळींच्या तोंडाचें बोळकें झालेलें. तेव्हां पान, चुना, कात आणि सुपारी कुटून त्यांच्या हातावर ठेवावयाची, हें सुनांचें किंवा नातवंडांचें नेमाचें काम. दांत गेल्याचें दुःख या खलबत्त्यानें थोडें हलकें केलें. पण गाल आंत गेले, ओठ दुमडले, हनुवटी नाकाकडे सरकली, त्याला खलबत्त्याजवळ उपाय नव्हता. हा सारा म्हातारपणाचा परिणाम असें लोक समजत. वस्तुतः त्याचें मूळ वयांत असतें त्याहून अधिक, दांत गेल्यानंतर झिजणाऱ्या हाडांत असतें.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीं जबड्याकडे दुर्लक्ष केलें होतें असें मुळींच नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत तिळाच्या तेलाचा गंडूष, म्हणजे तेल तोंडांत धरून ठेवणें, हा जबड्यांना बळ देणारा व चेहरा भरदार ठेवणारा म्हणून सांगितला आहे. सुश्रुताचें विवेचन अधिक नेमकें आहे. चिकित्सास्थानाच्या २२ व्या अध्यायांत दंतनाडीचा, म्हणजे दांताच्या मुळाशीं पू होऊन पडलेल्या वाहत्या व्रणमार्गाचा, विचार करतांना तो बजावतो कीं, असा दांत तसाच राहूं दिल्यास ती नाडी जबड्याचें हाड फोडल्यावांचून राहात नाहीं. म्हणून दांत मुळासकट आणि मोडलेल्या हाडासह काढावा. म्हणजे तेथें दांत काढावयाचा तो जबडा वांचविण्यासाठीं! वरच्या दांताला मात्र, तो हलत असला तरी, हात लावूं नये. कारण अतिरक्तस्राव होऊन दृष्टि जाण्याचें किंवा तोंड वाकडें होण्याचें भय त्याला वाटतें. आज ही भीति अवाजवी ठरेल. परंतु रक्त थांबविण्याचीं साधनें तुटपुंजीं असतां तिला हंसण्याचें कारण नाहीं. पुढें डाग देणें आणि जाई, खैर इत्यादींच्या काढ्यानें तोंड धुणें हा क्रम येतो. खैर कोंकणाला परका नव्हे. कात काढण्याच्या धंद्यावरूनच कातकऱ्यांना त्यांचें नांव मिळालें. वाग्भटानें तर दांत पाडण्यासाठीं चार अंगुळें लांबीचें ‘शरपुंखमुख’ नांवाचें यंत्रच सांगून ठेवलें आहे.

रोगापासून हाड वांचविणें हा एक प्रश्न. रोग गेल्यावरही तें कां झिजतें हा दुसरा. या दुसऱ्याचें मर्म लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं १७७१ च्या आपल्या दंतविषयक ग्रंथांत सांगितलें. दांतांच्या खोबणी ज्या हाडांत असतात, तें हाड जबड्याचें नव्हे, दांतांचेंच समजावें, असें त्यांचें म्हणणें. कारण तें दांतांबरोबर तयार होतें, त्यांच्याबरोबर वाढतें आणि ते पडले कीं नाहींसें होतें. बिऱ्हाडकरू गेला म्हणून घरमालकानें खोलीच पाडून टाकावी, तसा हा प्रकार! त्या काळचें दांत काढण्याचें साधन मात्र या ज्ञानाशीं अगदींच विसंगत होतें. ‘दंतकिल्ली’चा आंकडा दांताला अडकवावयाचा, तिचा टेका हिरडीवर ठेवावयाचा आणि कुलपांत किल्ली फिरवावी तशी ती फिरवावयाची. त्या जोरानें खोबणीची भिंत, आणि कधीं कधीं जबडाही, मोडत असे. १८४१ मध्यें जॉन टोम्स यांनीं एव्हरार्ड या कारागिराकडून प्रत्येक जातीच्या दांताच्या मानेला बसतील असे चिमटे घडवून घेतले, आणि किल्लीचें राज्य हळूहळू संपत गेलें.

हिंदुस्थानांत या विद्येचें शिक्षण उशिरां आलें. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास पहिलें दंतवैद्यक विद्यालय काढलें; मुंबईस नायर रुग्णालयाचें १९३३ मध्यें निघालें; आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला तो १९४८ मध्यें. रत्नागिरीकराला मुंबई म्हणजे आगबोटीचा प्रवास, आणि पावसाळ्यांत ती वाटही बंद. मृगांत ठणकूं लागलेल्या दाढेनें नारळी पौर्णिमेपर्यंत थांबावें तरी कसें? मग मिश्री, लवंग, नाहीं तर बाजारांत दांत उपटणाऱ्याचा सांडस. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्ण झाली, आणि आतां जिल्ह्यांतच खेड येथें दंतवैद्यक महाविद्यालय आहे.

कवळी बसविली म्हणजे प्रश्न मिटला, ही समजूतही टिकली नाहीं. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंत्ये टालग्रेन यांच्या २५ वर्षांच्या निरीक्षणांत, कवळी वापरणाऱ्यांचें हाड झिजतच जातें, आणि खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारें चौपट असते, असें दिसून आलें. सैल झालेली खालची कवळी डबींत पडून कां राहते, याचें उत्तर यांत आहे. दरम्यान स्वीडनमध्यें ब्रानेमार्क यांना १९५२ मध्यें टायटॅनियम धातु हाडाशीं एकजीव होतो असें आढळलें, आणि १९६५ मध्यें त्यांनीं पहिल्या रुग्णाच्या जबड्यांत अशा खुंट्या बसविल्या. खुंटीला भिंत हवी. २००३ च्या एका डॅनिश अभ्यासांत दांत काढल्यापासून वर्षाच्या आंत त्या जागेची जवळजवळ निम्मी रुंदी गेलेली आढळली, आणि त्यांतला दोनतृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच. गालाकडची भिंत पातळ; ती आधीं जाते.

म्हणून आतां खोबण रिकामी न ठेवतां तींत हाडाची किंवा तत्सम द्रव्याची पूड भरून वर पातळ पडदा लावतात. त्यानें झीज कमी होते, सर्वस्वीं थांबत नाहीं. आणि प्रत्येकाला त्याची गरजही नसते. पुढें खुंटी बसविण्याचा विचार असेल तर ही गोष्ट दांत काढण्यापूर्वीं विचारावी, नंतर नव्हे. पुडीहूनही आद्य असें एक द्रव्य निसर्ग स्वतःच खोबणींत भरतो, तें म्हणजे रक्ताची गुठळी. तिच्याच जागीं पुढें नवें हाड धरतें. पहिल्या दिवशीं दंतवैद्य जोरानें चूळ भरूं देत नाहीं आणि विडी-तंबाखू व मिश्री बंद ठेवावयास सांगतो, तें या गुठळीसाठीं.