टँपाची क्युबन खानावळ

"काकू, तीन महिने फ्लोरिडात राहून आलात, डिस्नेबद्दल काहीतरी लिहा की," असं पुतण्याने दोनदा कळवलंय. डिस्नेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे एका सँडविचबद्दल, आणि तेही मी न खाल्लेल्या! त्यात डुकराचं मांस दोन प्रकारचं, वर सलामी. आणि मी जन्माची शाकाहारी. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं की ताटातला पदार्थ आला कुठून हे विचारायची खोड जडते. लेक राहते त्या टँपा शहरात, तिच्या घरापासून दहा मिनिटांवर एक लहानसं क्युबन हॉटेल आहे. आजी गल्ल्यावर, मुलगा तव्यापाशी, नात ऑर्डर घ्यायला. जावई आणि नातू तिथले नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांच्याबरोबर मी चार-पाच वेळा गेले, आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत मला बघायला भरपूर होतं.

आधी सँडविच म्हणजे काय ते सांगते. हातभर लांब, वरून खुसखुशीत, आतून मऊ असा क्युबन पाव. तो उभा चिरून त्यात हॅम, आंबट संत्र्याच्या रसात आणि लसणात मुरवून भाजलेलं डुकराचं मांस, सलामी, स्विस चीज, काकडीचं लोणचं आणि मोहरीची चटणी. मग ते सगळं वजनदार तापल्या लोखंडाखाली चेपायचं. तिरका काप देऊन कागदात गुंडाळून समोर येतं. नातवाला विचारलं, कसं लागतं? तो म्हणाला, "आजी, कुरकुरीत." यापुढे त्याने काही सांगितलं नाही, तोंड भरलेलं होतं.

आता या पदार्थाला क्युबन म्हणतात खरं, पण त्याचं नाव झालं ते टँपात, विड्या वळणाऱ्यांच्या वस्तीत. (विड्या म्हणजे सिगार, पण आमच्या सिन्नर-सोलापूरच्या बायका विड्या वळतात तसंच ते हाताचं काम.) व्हिसेंते मार्तिनेस इबोर हा मूळचा स्पेनचा माणूस, क्युबात सिगारचा कारखानदार झाला. १८६८ मध्ये क्युबात स्पेनविरुद्ध बंड पेटलं. इबोरची सहानुभूती बंडवाल्यांकडे, तेव्हा तिथे राहणं धोक्याचं झालं. १८६९ मध्ये तो समुद्र ओलांडून फ्लोरिडाच्या टोकाला की वेस्ट बेटावर आला. तिथेही संप, जागेची अडचण. टँपा त्या वेळी एक लहानसं गाव होतं, पण १८८४ मध्ये तिथे रेल्वे आली होती, बंदर होतं, क्युबाची तंबाखू बोटीने आणणं सोपं होतं, आणि हवा दमट असल्याने पान कोरडं पडत नसे. १८८५ मध्ये इबोरने गावाबाहेर जमीन घेतली, आणि पुढच्याच वर्षी तिथून सिगार बाहेर पडू लागले. त्या वस्तीचं नाव इबोर सिटी.

कामगार आले क्युबाहून आणि स्पेनहून. मागोमाग सिसिलीहून इटालियन आले. थोडे जर्मनही होते. सिगारच्या पेट्यांवरची ती रंगीत चित्रं छापण्याचं काम त्यांच्याकडे. क्युबातल्या कॅफेत मिळणारं 'मिक्स्तो' नावाचं सँडविच या वस्तीत आलं आणि कारखान्याच्या मधल्या सुट्टीचं जेवण होऊन बसलं. टँपाची माणसं सांगतात की सलामी घातली ती शेजारच्या इटालियनांनी. मला हे पटतं. एका बाकावर डबे उघडून बसलेली माणसं एकमेकांच्या डब्यात हात घालणारच!

पाव मात्र क्युबन. तो भट्टीत जाण्याआधी त्यावर ताडाच्या जातीच्या एका झुडपाच्या पात्याची ओली पट्टी उभी ठेवतात. त्या रेषेत पाव नीट फुलतो आणि फुटतो. इबोर सिटीत १९१५ साली सुरू झालेली ला सेगुंदा नावाची बेकरी अजून त्याच घराण्याकडे आहे आणि अजून पावावर ते पान ठेवते. पूर्वी पाववाला पहाटे येऊन घराच्या दाराशी ठोकलेल्या खिळ्यावर पाव टोचून जाई. आपल्याकडे पाववाला सायकलची घंटा वाजवायचा, तिथे खिळा. असो.

या कारखान्यांतली एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. विड्या वळणारे दिवसभर बसून हाताने काम करत, कान मोकळे. म्हणून ते पदरच्या पैशांनी एक वाचक नेमत. त्याला म्हणत लेक्तोर. ही प्रथा हवानात १८६५ च्या सुमारास सुरू झाली आणि कामगारांबरोबर इबोर सिटीत आली. कारखान्याच्या मधोमध उंच माच, त्यावर खुर्ची, आणि शेकडो माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात लेक्तोर वाचणार. आधी वर्तमानपत्रं, मग कादंबरी. सर्व्हान्टेस, ह्यूगो, झोला! कोणती कादंबरी घ्यायची यावर कामगार मत देत. पगार मालक देत नसे, दर आठवड्याला कामगार आपापल्या मजुरीतून देत. स्वतःला अक्षर वाचता न येणाऱ्या माणसाला 'डॉन किहोते'तले प्रसंग पाठ असायचे. माझ्या वर्गात चाळीस मुलं पुढे बसलेली असताना धडा ऐकवताना माझा घसा बसायचा, ती मुलं सक्तीने बसलेली. इथे ऐकणारेच वाचणाऱ्याला पैसे मोजत होते. लुईसा कापेतिलो नावाची पोर्तो रिकोची एक बाईसुद्धा १९१३ च्या सुमारास इथे लेक्तोर होती, हे वाचून तर मी खुर्चीतून उठले.

मालकांना हे वाचन खुपत होतंच. वाचकाच्या तोंडून कामगारांना संपाची आणि समाजवादाची भाषा कळते, अशी त्यांची तक्रार. १९३१ मध्ये त्यांनी ते माच काढून टाकले. कामगारांनी संप केला, तो फसला. माचाच्या जागी रेडिओ बसला. निलो क्रूझ या नाटककाराने याच लेक्तोरवर नाटक लिहिलं, त्याला २००३ मध्ये पुलित्झर मिळालं.

हे सगळं घरी वाचून मग मी पुन्हा त्या हॉटेलात गेले. गल्ल्यावरच्या आजी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. त्यांना इंग्रजी येतं, पण मनातलं सांगायचं असलं की त्या स्पॅनिशमध्ये जातात, आणि नात मध्ये उभी राहून इंग्रजी करते. मांस चालत नाही म्हटल्यावर त्यांनी मला नुसता पाव-लोणी देऊ केला, आणि मग स्वतःच हात मागे घेतला. पावाच्या पिठातच डुकराची चरबी असते! न सांगता वाढला असता तर मला कळलंही नसतं. काळ्या घेवड्यातही हॅमचं हाडूक. शेवटी माझ्यापुढे आलं ते पांढरा भात, पिकल्या केळ्याचे तळलेले काप, आणि लसूण व आंबट संत्र्याचा रस घातलेला एक उकडलेला पांढरा कंद. कंदाचं नाव युका. अहो, हा तर कसावा! आपला साबुदाणा याच कंदाचा करतात. क्युबात स्पॅनिश पोचण्याआधी राहणाऱ्या ताईनो लोकांची भाकरी याचीच. आणि 'बटाटा' हा शब्दही त्या बेटांवरच्या लोकांचा, रताळ्यासाठीचा. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. म्हणजे एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा घालून आपण काय करतो ते बघा! मी नातीला हे सांगितलं, तिने आजीला. आजी इतक्या हसल्या की तव्यापाशी उभा मुलगा बघायला बाहेर आला.

त्यानंतर त्यांनी आपलं सांगितलं. वडिलांचं मातान्सासला कॅफे होतं. काउंटर आणि सहा स्टुलं. १९६८ च्या मार्चमध्ये क्युबाच्या सरकारने उरलेसुरले सगळे खाजगी धंदे ताब्यात घेतले. साखर कारखाने आणि बँका तर १९६० मध्येच गेल्या होत्या. आता पाळी न्हाव्याची, चांभाराची, खाऊच्या गाडीवाल्याची. अशी सुमारे ५५ हजार दुकानं गेली. वडिलांनी देश सोडण्याचा अर्ज केला. अर्ज केला की माणसाला निघायची पाळी येईपर्यंत शेतावर कामाला पाठवत. वडील दोन वर्षं ऊस तोडत होते. १९७० मध्ये वाराडेरोहून मायामीला जाणाऱ्या विमानात जागा मिळाली. १९६५ पासून १९७३ पर्यंत ती विमानं चालली, अडीच लाखांहून जास्त माणसं त्यांतून आली. पण लष्करभरतीच्या वयातल्या मुलांना सोडत नसत. आजी तेव्हा अकरा वर्षांच्या, भाऊ सतरा वर्षांचा. तो मावशीकडे राहिला.

१९७९ मध्ये क्युबाने परागंदा झालेल्यांना भेटीला येऊ दिलं, तेव्हा आजी आणि त्यांची आई गेल्या. भाऊ सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला. वडील गेले नाहीत. "माझंच दुकान बघायला तिकीट काढून जायचं?" असं म्हणाले म्हणे. त्यांनी मुलाला पुन्हा पाहिलं नाही. नातीने हे वाक्य इंग्रजीत करायला जरा वेळ लावला.

मी गप्प बसले, कारण मला दोन्ही बाजू टोचत होत्या. बातिस्ताची हुकूमशाही काही गोड नव्हती. आणि १९६१ मध्ये त्याच नव्या सरकारने लाखभर तरुण मुलं-मुली खेड्यांत पाठवून एका वर्षात सात लाखांच्या वर प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवलं, हे मी माझ्या मुलांना वर्गात अभिमानाने सांगत असे. अजूनही सांगेन. पण ज्याला आपण साक्षर केलं त्याच्या सहा स्टुलांच्या कॅफेचं भय का वाटावं, याचं उत्तर मला सापडत नाही. त्या सरकारलाही फार काळ सापडलं नसावं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबात अन्नाचे हाल झाले, आणि १९९३ मध्ये घरात खानावळ चालवायला परवानगी मिळाली. त्यांना म्हणतात 'पालादार'. एका ब्राझिली टीव्ही मालिकेतल्या हॉटेलच्या नावावरून हे नाव पडलं. अट काय, तर खुर्च्या बारा! एकतरी जास्त ठेवली की दंड. २०१० मध्ये वीस झाल्या, २०११ मध्ये पन्नास. म्हणजे एखाद्या कुटुंबाने आपल्या गल्ल्यावर आपण बसून चार माणसांना जेवू घालणं, ही साधी गोष्ट पंचवीस वर्षं खुद्द क्युबात गुन्हा होती, आणि तेवढी वर्षं ती फ्लोरिडात चालू होती.

यावरून सलामीचं भांडण जरा समजतं. मायामीची मंडळी बहुतेक १९५९ नंतर आलेली. त्यांच्या सँडविचमध्ये सलामी नसते, आणि टँपाचं सलामीवालं सँडविच क्युबन नव्हेच असं त्यांचं म्हणणं. टँपावाले म्हणतात, आम्ही तुमच्या सत्तर वर्षं आधी आलो. २०१२ मध्ये टँपाच्या नगरपरिषदेने ठराव करून आपल्या सँडविचला शहराचा मानाचा पदार्थ ठरवलं, सलामीसकट. आजींना विचारलं तर म्हणाल्या, वडील सलामी घालत नसत, पण टँपात दुकान काढलं तर टँपाच्या गिऱ्हाइकाला पाहिजे ते द्यायला नको? तरी स्वतःच्या सँडविचमधून त्या सलामी काढून ठेवतात, हे नातीने हळूच सांगितलं.

निघण्याआधीच्या रविवारी जावयाने इबोर सिटीत नेलं. जुनी वस्ती बरीचशी उरलेली नाही. १९६० च्या दशकात हायवेसाठी आणि 'सुधारणे'साठी घरंच्या घरं पाडली. कॅफे म्हणून १९०५ मध्ये सुरू झालेलं कोलंबिया आता केवढंतरी मोठं हॉटेल झालंय, घराणं तेच. मला बघायची होती ती एका खानावळीची जागा. पलीना पेद्रोसो ही काळी क्युबन बाई आणि तिचा नवरा रुपेर्तो इथे खानावळ चालवत. क्युबाचे कवी आणि स्वातंत्र्याचे पुढारी होसे मार्ती १८९१ पासून टँपात येऊन कामगारांपुढे भाषणं करत, आणि कामगार एक दिवसाची मजुरी क्युबाच्या स्वातंत्र्यासाठी देत. १८९२ मध्ये मार्तींवर इथे विषप्रयोगाचा प्रयत्न झाला. तेव्हापासून ते पलीनाबाईंकडे उतरत, त्यांच्या हातचं खात. रुपेर्तो रात्री मार्तींच्या दाराशी आडवा झोपे असं सांगतात. १८९५ मध्ये मार्ती क्युबात लढताना पडले. पाचच वर्षांनी, १९०० मध्ये, फ्लोरिडातल्या वर्णभेदापुढे मान तुकवून इथल्या क्युबन क्लबातून काळ्या सभासदांना बाहेर पडावं लागलं. त्यांनी आपली वेगळी संस्था काढली, तिच्या नावात मार्ती ठेवले.

पेद्रोसोंची खानावळ आता नाही. त्या जागेवर छोटीशी बाग आहे, मार्तींचा पांढरा पुतळा आहे, आणि क्युबाच्या प्रांतांतून आणलेली माती आहे. ही जमीन १९५६ पासून क्युबा देशाच्या मालकीची आहे, अमेरिकेच्या मधोमध! जावई फाटकाशी थबकून म्हणाला, "आई, पासपोर्ट आणलात ना?" नातू तोवर आत पोचला होता, हातात कागदात गुंडाळलेलं अर्धं सँडविच घेऊन.