बेघर रुग्णांची शुश्रूषा

बेघर रुग्णांची शुश्रूषा म्हणजे कायमचा निवारा नसलेल्या आजारी व्यक्तींवर रुग्णालयात होणारे उपचार आणि तेथून बाहेर पडल्यावर समाजाने घेतलेली त्यांची काळजी होय. भारताच्या जनगणनेत उघड्यावर, पदपथावर, पुलाखाली, रेल्वे फलाटावर किंवा मंदिराच्या ओवरीत राहणाऱ्यांची गणना बेघर म्हणून होते. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची संख्या सुमारे १७.७ लाख होती.

रुग्णालयातील स्थिती

शुद्ध हरपलेला अनोळखी रुग्ण शासकीय रुग्णालयात आला की त्याची नोंद ‘अज्ञात’ अशी होते व पोलिसांना कळवले जाते. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असते. रुग्णाचे नाव-गाव काढणे, औषधांची सोय लावणे आणि नातलगांचा शोध घेणे ही त्यांची कामे. उपचारांपेक्षा अवघड प्रश्न रुग्णाला घरी सोडताना उभा राहतो, कारण ‘घरी’ या शब्दालाच येथे अर्थ नसतो. पायाला प्लास्टर घातलेल्या माणसाला विश्रांती घ्या, जखम कोरडी ठेवा असे सांगणे सोपे आहे; फलाटावर ते पाळणार कसे, याचे उत्तर केसपेपरवर नसते. क्षयरोगाचा औषधोपचार किमान सहा महिने चालतो. त्या काळात पोषणासाठी मिळणारे शासकीय साहाय्य बँक खात्यात जमा होते आणि ज्याच्यापाशी ओळखपत्र नाही त्याला खाते उघडणेच कठीण जाते.

बेघर मनोरुग्ण

महाराष्ट्रात या क्षेत्रातील सर्वांत परिचित कार्य मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांचे आहे. रस्त्यावर नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. उपचारांनंतर तो पदवीधर असल्याचे कळले. या अनुभवातून १९८८ मध्ये ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. मुंबईतील सर ज. जी. कला महाविद्यालयाचे एक अध्यापक याच अवस्थेत सापडले, तेव्हा चित्रकारांनी आपली चित्रे देऊन संस्थेसाठी निधी उभारला. २००६ पासून रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे संस्थेचे पुनर्वसन केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कार्याचा गाभा घरवापसी हा आहे. औषधांनी मन थोडे स्थिर झाले की रुग्ण बोलू लागतो. नदीचे, बाजाराचे, एखाद्या स्थानकाचे नाव सांगतो. बोलीवरून प्रांत ओळखतात, मग पोलीस ठाणे व ग्रामपंचायत गाठतात आणि कार्यकर्ते रुग्णाला रेल्वेने थेट गावी पोहोचवतात. भाषेच्या अभ्यासकालाही मोलाची वाटावी अशी ही कामगिरी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ ही संस्था निराधार मनोरुग्ण स्त्रिया व त्यांची मुले यांना कायमचा आसरा देते. ज्यांना परत जाण्यास घरच उरलेले नाही, त्यांचा प्रश्न यामुळे सुटतो.

कायदा

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार निराधार व बेघर मनोरुग्णांना शासकीय संस्थेत मोफत उपचारांचा हक्क आहे. कलम १०० प्रमाणे, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशा भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणे हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते, कोठडीत ठेवता येत नाही. रुग्ण बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोधही पोलिसांनीच घ्यावयाचा असतो. केवळ घर नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्या कारणावरून कोणाला मनोरुग्णालयात डांबून ठेवता येत नाही.

डहाणू व तलासरी

पालघर जिल्ह्यातील डहाणू रोड हे २०१३ पासून मुंबईच्या पश्चिम उपनगरी गाड्यांचे उत्तरेकडील शेवटचे स्थानक आहे. तलासरी तालुका मुंबई–अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेलगत आहे. वाट चुकलेला माणूस येथे मराठी, वारली, गुजराती वा हिंदी यांपैकी कोणतीही भाषा बोलत असू शकतो. डहाणूत उपजिल्हा रुग्णालय व तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी (ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी) जवळचे ठाणे सुमारे शंभर किलोमीटरवर आहे.

या भागात बेघरपणाचे आणखी एक रूप आढळते. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामासाठी जातात. याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. गावी त्यांची झोपडी असते, पण आजारपण येते ते भट्टीवरच्या पालात. क्षयाची औषधे व बाळाच्या लसी मधेच तुटतात, कारण आशा सेविकेची यादी गावात राहते आणि रुग्ण परक्या तालुक्यात. शहरी निवाऱ्यांचे सरकारी मानक एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असे आहे. २०११ मध्ये डहाणू नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे ५०,००० होती.